व्हिसाच्या आधी कामाचे ठरवा

हिंजवडी, खराडी किंवा चाकणच्या कँटीनमध्ये परदेशाचा विषय दोन प्रकारे निघतो. कुणी सांगतो, कंपनी दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवते आहे. कुणी सांगतो, राजीनामा दिला, आता जर्मनीत जाऊन नोकरी शोधणार. पेढे दोघांकडेही मागितले जातात आणि बोलणे लगेच पगार, थंडी, घरभाडे यांकडे वळते. पण या दोन वाटा पहिल्या पावलापासून वेगळ्या आहेत. पहिल्याची नोकरी पुण्यातच राहते, तिची जागा तेवढी बदलते. दुसरा नव्या देशात, नव्या मालकाकडे, बहुधा ओळखपाळख नसताना सुरुवात करतो. दोघांना मिळणारे संरक्षण वेगळे, धोके वेगळे आणि पाच वर्षांनी उघडणारी दारेही वेगळी.

उदाहरणे मी मुख्यतः जर्मनीची घेतली आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. चाकणच्या पट्ट्यात जर्मन वाहन कंपन्यांचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांचे कारखाने आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. आपल्याकडच्या मुलामुलींना ही संधी खरोखर उपलब्ध आहे आणि त्यांनी ती घ्यावी असे मला मनापासून वाटते. फक्त ती घेताना पुढचा हिशेब डोक्यात असावा.

परदेशातल्या नोकरीचा अभ्यास करणारे संशोधकही बराच काळ फक्त कंपनीने पाठवलेल्यांकडेच पाहत होते. १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या कर इंकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात लक्ष वेधले ते स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मर्जीने बाहेर पडणाऱ्यांकडे. न्यूझीलंडच्या तरुणांत शिक्षणानंतर काही वर्षे बाहेर जाऊन मिळेल ते काम करत जग पाहण्याची जुनी रीत आहे, तिच्यावरून त्यांना हा विषय सुचला. २००० मध्ये व्हेसा सूटारी आणि ख्रिस ब्रूस्टर यांनी फिनलंडच्या इंजिनिअरांचा अभ्यास केला. त्यात स्वतः गेलेले आणि पाठवलेले यांच्यात जाण्याच्या कारणांपासून हुद्द्यापर्यंत आणि पगार-सवलतींपर्यंत फरक दिसले. आपल्याकडे घराघरांत हे फरक रोज दिसतात, पण निघणाऱ्याला ते आधी कुणी समजावून सांगत नाही.

तिथे हातात काय येणार?

देश कोणता, यापेक्षा तिथे हातात येणारे काम कोणते, यावर करिअर ठरते. हे वाक्य पटायला सोपे आहे, पाळायला अवघड, कारण व्हिसाचे पत्र आले की कामाबद्दल विचारण्याचे भान राहत नाही.

समजा दोघे एकाच कंपनीतून एकाच शहरात गेले. पहिल्याचा दिवस असा: सकाळी ग्राहकाच्या बैठकीत बसून गरजा टिपून घ्यायच्या, त्या लगेच पुण्याच्या टीमला कॉलवर सांगायच्या, पुण्याचे घड्याळ साडेतीन-साडेचार तास पुढे असल्याने तिकडची सुट्टी होण्याआधी शंका मिटवायच्या आणि संध्याकाळी प्रगतीचा तक्ता भरायचा. दुसऱ्याला ब्रेकच्या एका भागाच्या चाचणीची जबाबदारी मिळाली. चाचणीत भाग नापास झाला तर पुरवठादाराला काय सांगायचे, तारीख पुढे ढकलायची का, हे तोच ठरवतो आणि चुकले तर उत्तरही तोच देतो. दोन वर्षांनी दोघांच्या बायोडेटावर ‘जर्मनी, दोन वर्षे’ एवढेच सारखे असेल. पहिल्याने निरोप पोचवले, दुसऱ्याने निर्णय घेतले, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते दहा मिनिटांत कळते.

म्हणून निघण्यापूर्वी साहेबांना चार गोष्टी विचारा. तिथे माझा वरिष्ठ कोण? माझे अप्रेझल कोण लिहिणार, तिथला की इथला? कोणते निर्णय मी कुणालाही न विचारता घेऊ शकेन? आणि माझ्या आधी या जागेवर कोण होते, ते आता कुठे आहेत? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. आधी गेलेल्या व्यक्तीला गाठून तासभर बोला. ती व्यक्ती परतल्यावर वरच्या जागेवर बसली असेल तर जागा चांगली. ती परतल्यावर सहा महिने बेंचवर बसून कंपनी सोडून गेली असेल, तर तेच तुमच्याही वाट्याला येण्याची शक्यता धरा.

मायकेल आर्थर आणि रॉबर्ट डेफिलिपी या अभ्यासकांनी १९९४ मध्ये करिअरच्या पुंजीचे तीन भाग मांडले: आपण हे का करतो याची जाण, काम कसे करायचे याची जाण आणि कुणाला ओळखतो ती माणसे. परदेशी जाणारा बहुतेक मधल्याच भागाचा विचार करतो. पहिला आणि तिसरा दुर्लक्षित राहतो. कागदावर तीन ओळी लिहून काढा: मी का जातो आहे, तिथे असे काय शिकेन जे इथे शिकता येणार नाही, आणि कोणत्या क्षेत्रातली माणसे जोडेन. तिसरी ओळ रिकामी राहत असेल तर त्या जागेबद्दल पुन्हा विचार करावा.

कंपनी पाठवत असेल तर

पाठवलेल्याला तयार पालखी मिळते. व्हिसा, तिकीट, सुरुवातीचे घर, विमा, मुलांच्या शाळेची चौकशी हे सगळे कंपनी पाहते. हे सुख खरे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पत्रातल्या अटी वाचायला इथेच सगळ्यांत जास्त आळस होतो.

युरोपाबाहेरच्या कंपनीने आपला माणूस स्वतःच्या जर्मन शाखेत पाठवला तर त्याला बहुधा आयसीटी कार्ड मिळते. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांसाठी त्याची कमाल मुदत ३ वर्षे. नोकरीचा करार भारतातल्या कंपनीशीच राहतो. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार पाठवलेल्या माणसासाठी आपल्या भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडून कव्हरेजचे प्रमाणपत्र घेतले की त्याचा पीएफ इथेच कापला जातो आणि जर्मनीच्या पेन्शनची वर्गणी ४८ महिन्यांपर्यंत भरावी लागत नाही. दोन्हीकडे पैसे कापले जात नाहीत, म्हणजे फायदाच झाला असे वाटते. ज्याला दोन वर्षांनी परत यायचेच आहे त्याचा फायदा आहेच. पण ज्याच्या मनात तिथे स्थिरावण्याचा विचार आहे त्याने हे लक्षात घ्यावे: कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या ब्लू कार्ड या परवान्यावर असलेल्याला जर्मनीचा कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांच्या नोकरीनंतर मिळू शकतो आणि जर्मन भाषा बी१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनंतर, मात्र तेवढे महिने पेन्शनची वर्गणी भरलेली असावी लागते. प्रमाणपत्रावर काढलेल्या महिन्यांत ती वर्गणी नसते. तीन वर्षे तिथे राहून, कर भरूनही या मोजणीत हाती फारसे काही नसते. हा मुद्दा मनुष्यबळ विभाग स्वतःहून सांगत नाही, कारण तो त्यांच्या कामाचा भाग नाही. तो तुम्ही विचारायचा.

अमेरिकेच्या बाबतीतही अशीच मेख आहे. एल-१ व्हिसावर कंपनी आपल्याच माणसाला नेते. त्यासाठी आधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष त्याच कंपनीत परदेशात नोकरी झालेली असावी लागते. त्याला वार्षिक मर्यादा नाही, लॉटरी नाही, पती किंवा पत्नीला नोकरी करता येते. पण त्यावर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही. विशेष ज्ञानाच्या जागेसाठी मुदत ५ वर्षे, व्यवस्थापकासाठी ७. एच-१बीवर नोकरी बदलता येते, पण वर्षाला ८५,००० ची मर्यादा आणि त्यासाठी लॉटरी. सप्टेंबर २०२५ मधल्या घोषणेने अमेरिकेबाहेरच्या माणसांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्कही आले. ज्यांनी सगळी आखणी त्या एका व्हिसावर केली होती त्यांची तेव्हा फार धावपळ झाली. एकाच देशाच्या एकाच व्हिसावर पुढची दहा वर्षे टांगून ठेवू नयेत, एवढे तरी त्यातून शिकावे.

पत्रात आणखी तीन जागी बोट ठेवून वाचा. पहिली, बॉण्ड. परतल्यावर अमुक महिन्यांत नोकरी सोडल्यास खर्च परत करावा लागेल, अशी अट असते. ‘हे कोर्टात टिकत नाही’ असे मित्र सांगतात, त्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. दुसरी, परतल्यावरचा हुद्दा. ‘योग्य जागा दिली जाईल’ याचा अर्थ काहीच होत नाही. किमान ग्रेड तरी लिहून घ्या. तिसरी, कर कुणी भरायचा. काही कंपन्या भारतात जेवढा कर लागला असता तेवढाच तुमच्याकडून कापतात आणि उरलेला भार स्वतः उचलतात. काही कंपन्या सगळे तुमच्यावर सोडतात. दोन्हींत हातात येणाऱ्या रकमेचा फरक फार मोठा असतो.

निघण्याची तारीखही करात मोजली जाते. आपले आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांआधी निघालेल्याचा परदेशी पगार भारतातल्या करातून सुटू शकतो. नोव्हेंबरमध्ये निघालेला त्या वर्षापुरता निवासीच राहतो, त्याला तिकडचा पगार इथल्या विवरणपत्रात दाखवून तिकडे भरलेल्या कराची सवलत मागावी लागते. तारीख थोडी मागेपुढे करणे शक्य असेल तर निघण्यापूर्वी सीएशी अर्धा तास बोलणे फायद्याचे. बँकेचे नेहमीचे बचत खातेही एनआरओ, म्हणजे अनिवासींचे खाते, करून घ्यावे लागते; बरेच जण ते तसेच चालू ठेवतात आणि ते नियमाविरुद्ध आहे.

स्वतःच्या हिमतीवर निघाला असाल तर

ही वाट मला अधिक आदराची वाटते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल अधिक स्पष्ट बोलावेसे वाटते. १ जून २०२४ पासून जर्मनीने संधी कार्ड सुरू केले. पदवी किंवा व्यावसायिक शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण मोजून किमान ६ गुण असलेल्याला एका वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते. जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ एवढी भाषा पुरते. त्या काळात आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येते. राहण्याखाण्याची सोय दाखवण्यासाठी बंद खात्यात पैसे ठेवावे लागतात. २०२५ मध्ये ही रक्कम महिन्याला १,०९१ युरो होती, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो.

इंग्रजीवर कार्ड मिळते, नोकरी मात्र बहुतेक वेळा जर्मनवर मिळते. बर्लिनमधल्या काही सॉफ्टवेअर कंपन्या इंग्रजीत चालतात, पण बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या दोनशे माणसांच्या यंत्रकारखान्यात फोरमन, खरेदी विभाग, चाचणी विभाग सगळे जर्मनच बोलतात. आपल्या मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनच्या मुलांना खरी गरज असलेल्या जागा अशाच कारखान्यांत असतात. म्हणून पुण्यातच, मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, बी१पर्यंत जर्मन शिकून मगच विमानात बसावे. नोकरी सांभाळून शिकायला वर्ष-दीड वर्ष लागते. तिथे पोचून शिकू म्हटले तर बंद खात्यातले पैसे त्या शिकण्यात संपतात आणि हातात अर्धवेळ डिलिव्हरीचे काम उरते. पुणे विद्यापीठाची पदवी असलेल्या मुलाने वर्षभर सायकलवर जेवणाचे डबे पोचवून परत यावे, याचे मला फार वाईट वाटते. त्याची हुशारी कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो.

शक्य असेल तर संधी कार्डाच्या आधी इथूनच अर्ज करून थेट ब्लू कार्डची नोकरी मिळवण्याचा प्रयत्न करा. तुमची पदवी आणि विद्यापीठ जर्मनीत ग्राह्य धरतात का, हे आनाबिन नावाच्या सरकारी माहितीकोशात घरबसल्या पाहता येते. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ असा शेरा असायला हवा. पदवी तिथे सापडत नसेल तर तुलनेचे प्रमाणपत्र मागवावे लागते, त्यासाठी काही महिने हाताशी ठेवा. आयटीमधल्यांना एक खास सवलत आहे: पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल तर ब्लू कार्ड मिळू शकते. डॉक्टर आणि नर्स यांचे मात्र वेगळे. त्यांच्या शिक्षणाला तिथल्या अधिकाऱ्यांची मान्यता मिळाल्याशिवाय पूर्ण हुद्द्याने काम करता येत नाही, आणि भाषेची अटही कडक आहे.

पहिली नोकरी बहुधा एक पायरी खालची मिळते. इथला टीम लीड तिथे साधा इंजिनिअर होतो. यात कमीपणा मानू नये, पण किती खाली उतरायचे याची रेघ आधी आखून ठेवावी. माझे मत असे: हुद्दा एक पायरी खाली चालेल, क्षेत्र बदललेले चालणार नाही. डिझाइनच्या माणसाने ‘सध्या’ म्हणून गोदामातली नोकरी धरली की पुढच्या मुलाखतीत तो गोदामातलाच ठरतो. पगाराची तुलनाही कागदावरच्या आकड्याशी करू नका. एकट्या माणसाच्या पगारातून कर, पेन्शन, आरोग्य आणि बेकारी विमा जाऊन तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिकच कापले जाते. पेन्शनची वर्गणी एकूण १८.६ टक्के, त्यातली निम्मी तुमची.

पहिले सहा महिने परीक्षेचे. करारात तसे लिहिले असेल तर त्या काळात मालक दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरीवरून काढू शकतो. हे महिने सुट्ट्या आणि युरोप दर्शनासाठी वापरू नका, आणि याच महिन्यांत कुटुंबाला बोलावून घेण्याची घाईही करू नका.

नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल आपल्याकडे फार थोड्यांना माहिती असते. जर्मनीत नोकरदाराला कामाचे सविस्तर प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि पुढचा मालक ते बारकाईने वाचतो. त्यात वाईट काही लिहायचे नसते, त्यामुळे शेरे ठरावीक वाक्यांत दडलेले असतात. ‘सोपवलेले काम त्यांनी नेहमी आमचे पूर्ण समाधान होईल असे केले’ म्हणजे चांगला शेरा. त्यातले ‘नेहमी’ गळले की मध्यम. ‘पूर्ण’ही गळले, नुसते ‘आमचे समाधान होईल असे’ उरले, की जेमतेम पास. ‘त्यांनी प्रयत्न केले’ असे वाक्य आले तर समजावे की मालक नाराज होता. भारतीय डोळ्यांना यातले प्रत्येक वाक्य कौतुकाचेच वाटते. प्रमाणपत्र हातात पडले की एखाद्या जर्मन सहकाऱ्याला दाखवा, आणि शेरा कमी असेल तर दुरुस्ती मागा. तशी मागणी तिथे नेहमीचीच आहे. वरिष्ठ बदलणार असेल तर जुन्या वरिष्ठाकडून मधल्या काळाचे प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे. कंपनीने पाठवलेल्याचा करार भारतातला असल्याने त्याला हा हक्क मिळत नाही, म्हणून त्याने तिथल्या वरिष्ठाकडून निदान एक सविस्तर पत्र घेऊनच परतावे.

आखाताकडे निघालेल्यांसाठी एक वेगळी आणि तातडीची गोष्ट. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आजही अनेक मुले वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून जातात. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार एजंटची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते आणि त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यांपेक्षा जास्त असू शकत नाही. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते; तिच्याबरोबर १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करू’ असे सांगणाऱ्या एजंटच्या दारातूनच मागे फिरा. आईचे दागिने गहाण टाकून दीड-दोन लाख अशा माणसाच्या हाती देणारी घरे आजही आहेत, आणि तिकडे अडकलेल्या मुलाला सोडवायला त्यांच्याकडे ना कागद असतो ना पावती.

घरच्यांचे काय?

करिअर एकाचे असते, स्थलांतर सगळ्या घराचे. ब्लू कार्डवाल्याच्या पती किंवा पत्नीला जर्मनीत पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे. अमेरिकेत एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४वर असलेल्यांना ती सहजासहजी मिळत नाही. पुण्यात बारा वर्षे शिकवणारी, बँकेत काम करणारी बायको तिथे तीन वर्षे घरी बसली तर परतल्यावर तिची नोकरी कुठून सुरू होणार, याची चर्चा व्हिसाचा अर्ज भरण्याआधी व्हावी, आणि ती दोघांनी समोरासमोर बसून करावी. माझ्या पाहण्यात अर्ध्यावर परतलेली कुटुंबे नवऱ्याच्या कामामुळे फारशी परतली नाहीत.

मुलांचे वयही पाहा. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाट ठरते, विद्यापीठाकडे नेणारी शाळा की दुसरी. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ते सहावीनंतर होते. नऊ वर्षांचे मूल भाषेशिवाय तिथे गेले तर वर्षभरातच त्याच्याबद्दल मोठा निर्णय होतो. पाच वर्षांचे मूल सहज रुळते. आईवडील इथे एकटे राहणार असतील तर त्यांचा आरोग्यविमा, दवाखान्यात सही करणारा जवळचा माणूस आणि बँकेचे व्यवहार यांची लेखी व्यवस्था करून जा.

सहा महिन्यांनंतर

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांची पाहणी मांडली. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधल्या काळातल्यांना सर्वांत जड गेले होते. हा नियम सगळ्यांना लागू पडेल असे नाही, पण सातव्या-आठव्या महिन्यात मन उडाले, सगळे सोडून परतावेसे वाटले, तर ते आपल्यालाच होते असे समजू नका. त्या काळात राजीनामा लिहू नका आणि कायमचे राहण्याचा निर्णयही घेऊ नका.

अशा वेळी महाराष्ट्र मंडळ मोठा आधार असते. लंडनचे मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपतीला, दिवाळीला जरूर जा. पण आठवड्याचा प्रत्येक रविवार मराठी मित्रांच्याच घरी गेला तर नोकरीच्या बातम्याही त्याच वर्तुळात फिरत राहतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवले की नव्या नोकरीची खबर जिवलग मित्रापेक्षा तोंडओळखीच्या माणसाकडून जास्त येते, कारण जिवलग मित्राला माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. जर्मनीत तोंडओळखी वाढतात त्या गावातल्या व्यायाम मंडळात, गायनवृंदात, स्वयंसेवी अग्निशमन दलात. तिथे जाऊन मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलायला लाज वाटते. वाटू द्या, आणि जा.

परतीची बोलणी

पाठवलेल्यांचे सर्वांत मोठे नुकसान परतताना होते. दोन वर्षांत इथला साहेब बदललेला असतो, विभागाची रचना बदललेली असते आणि तुमचे नाव कुणाच्याच तक्त्यात नसते. म्हणून बाहेर असताना इथल्या एका वरिष्ठाशी दर महिन्याला अर्धा तास बोलणे सोडू नका, आणि ते बोलणे कामाचे असू द्या: तिथे काय नवे पाहिले, त्याचा इथे काय उपयोग होईल. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जागेबद्दल लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर बाहेर शोध सुरू करा. पुण्यात परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रे वाढली आहेत, ज्यांना आता सगळे जीसीसी म्हणतात. मुख्यालयातली माणसे कसा विचार करतात हे जवळून पाहिलेला माणूस त्यांना हवा असतो.

अशा केंद्रात मुलाखतीला जाताना दोन-तीन प्रसंग तयार ठेवा आणि ते आकड्यांत सांगा. कोणता निर्णय घेतला, कुणाचा विरोध होता, किती दिवस वाचले, कोणता भाग परत करावा लागला नाही. पगार युरोचे रुपये करून मागू नका. इथल्या त्याच जागेचा दर काढा आणि वर का मिळावे ते कामावरून सांगा.

जर्मनीहून निघण्यापूर्वी पेन्शनची कागदपत्रे गोळा करा. जर्मनीत वर्गणी भरली असेल आणि ती ६० महिन्यांपेक्षा कमी असेल, तर युरोपीय संघाबाहेर परतल्यावर २४ महिन्यांनी स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. ६० महिने पूर्ण असतील तर म्हातारपणी तिथली पेन्शन भारतात मिळते. पंचावन्नाव्या महिन्यात परतणाऱ्याने या दोन्हींचा हिशेब मांडूनच राजीनाम्याची तारीख ठरवावी. विमा क्रमांक, वर्षावर्षांची नोंदपत्रके आणि पत्ता रद्द केल्याचा नगरपालिकेचा दाखला एका फायलीत लावून ती फाईल हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.